मंडळाच्या ताब्यात दिलेल्या जुन्या वस्तू : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयावरची आहेत. घराण्यातील किंवा गावातील ऐतिहासिक वस्तू तरुणांच्या एखाद्या संघटनेकडे विश्वासाने दिल्या गेल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, हा तो विषय. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि गावांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घराणे सातारा जिल्ह्यातील. पणजोबांपासून घरात दोन तलवारी, एक दांडपट्टा, एक ढाल आणि मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) असे चालत आले होते. २०११ साली गावातील तरुण मंडळाने शिवजयंतीला शस्त्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा वडिलांनी या सर्व वस्तू मंडळाकडे दिल्या. मुले उत्साही होती, त्यांनी समाजमंदिरात काचेचे कपाट करून घेतले, आणि माळ्यावर पडून राहण्यापेक्षा चार लोकांनी पाहिलेले बरे असे वडिलांनाही वाटले. पावती कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. दरवर्षी खंडेनवमीला शस्त्रे पूजेसाठी घरी येत आणि दसऱ्यानंतर परत कपाटात जात. टाळेबंदीच्या वर्षापासून ही पद्धत खंडित झाली. पुढे समाजमंदिर पाडून नवी इमारत उभी राहिली. गेल्या नवरात्रात मी वस्तू मागितल्या, तेव्हा एक तलवार, दांडपट्टा आणि ढाल मिळाली. दुसरी तलवार, म्हणजे सरळ पात्याची फिरंग, आणि कागदांचा रुमाल मिळाला नाही. मंडळाचे पदाधिकारी मधल्या काळात अनेकदा बदलले आहेत आणि प्रत्येक जण आधीच्याकडे बोट दाखवतो. वडील आता हयात नाहीत. गावातील वडीलधारी माणसे म्हणतात, पोरांवर केस घालू नका, गावाची अब्रू जाईल. माझ्याकडे प्रदर्शनाचे काही फोटो आणि स्थानिक वर्तमानपत्राचे एक कात्रण आहे. मी काय करावे?

उत्तर : वस्तू देऊन इतकी वर्षे लोटली आणि पावती नाही, म्हणून तुमचा हक्क संपला असे समजू नका. वडिलांनी वस्तू मंडळाला दान केल्या नव्हत्या, सांभाळायला दिल्या होत्या. दरवर्षी खंडेनवमीला शस्त्रे तुमच्या घरी पूजेला येत होती, हाच त्याचा सर्वांत सबळ पुरावा आहे. दान केलेली वस्तू दात्याच्या देवघरात दर वर्षी परत येत नाही. सांभाळण्यासाठी दिलेल्या वस्तूला भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये निक्षेप म्हटले आहे. त्याच्या कलम १५१ प्रमाणे, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तितकी काळजी सांभाळणाऱ्याने घेतलीच पाहिजे, मग त्याने त्यासाठी मोबदला घेतलेला असो वा नसो. असा व्यवहार तोंडीही होऊ शकतो. कात्रण, फोटो, आणि खंडेनवमीला शस्त्रे नेणारी-आणणारी माणसे, एवढ्यावर तो सिद्ध करता येतो. मात्र ती माणसे गावात आहेत आणि त्यांना सर्व आठवते आहे, तोवर त्यांच्याकडून सही-तारखेसह लेखी निवेदने घेऊन ठेवा.

आता शोधाविषयी. माझा अनुभव असा की अशा प्रकरणांत पहिला संशय चोरीचा येतो, पण वस्तू पुष्कळदा चोरीने नव्हे, स्थलांतरात नाहीशी झालेली असते. तरुण मंडळाचा अध्यक्ष वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, खजिनदार नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातो, आणि नव्या कार्यकारिणीला वर्गणीचा हिशेब, मांडवाचे सामान आणि ढोल-ताशे मोजून दिले जातात. कपाटातल्या तलवारी मात्र कोणी मोजून देत नाही, कारण त्या कायमच तिथे असतात असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. मग इमारत पाडायची वेळ येते आणि दोन दिवसांत सामान जिथे जागा मिळेल तिथे हलवले जाते. म्हणून अध्यक्ष कोण होता हा प्रश्न बाजूला ठेवून, समाजमंदिर रिकामे केले त्या दिवशी काचेचे कपाट कोणी उचलले, कोणत्या वाहनातून नेले आणि कोणाच्या गोठ्यात, शाळेच्या खोलीत किंवा दुकानामागे ठेवले, एवढेच विचारा. ठेकेदाराच्या मजुरांनाही विचारा. रुमालाच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासण्यासारखी आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर घराघरांतले मोडी कागद बाहेर निघाले, झेरॉक्सच्या दुकानांत गेले आणि मोडी वाचणाऱ्यांकडे पोहोचले. तुमचा रुमालही त्या धावपळीत कोणी वाचून घेण्यासाठी नेला असेल आणि तिथेच राहिला असेल, तर तो आजही सुखरूप असण्याची बरीच शक्यता आहे.

या शोधाला मुदत घाला. पंधरा दिवस पुरेत. शोध सुरू कराल त्याच दिवशी मंडळाला स्पीड पोस्टाने वस्तूंची यादी देऊन त्या परत करण्याची लेखी मागणी करा आणि पोचपावती जपून ठेवा. सांभाळायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्यासाठी दावा दाखल करायची मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती मागणी केल्यानंतर नकार मिळेल त्या तारखेपासून मोजली जाते. तुम्ही आतापर्यंत तोंडीच मागितले आहे आणि उत्तरे टोलवाटोलवीची मिळाली आहेत, त्यामुळे लेखी मागणीने पुढचा सगळा हिशेब स्पष्ट होईल. मंडळ नोंदणीकृत आहे का हेही सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहून घ्या. नोंदणीकृत असेल तर विश्वस्त कोण आणि कधीपासून, हे तिथल्या नोंदीवरून कळेल. नोंदणी नसेल तर मंडळ म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. त्या त्या काळी ताबा असलेल्या व्यक्तींकडेच मागणी करावी लागेल.

पंधरा दिवसांत वस्तू मिळाल्या नाहीत, तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. इथे गावातील वडीलधाऱ्यांचा शब्द मोडावा लागेल, आणि तो मोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रार कोणा मुलाविरुद्ध द्यायची नसते. वस्तू कोणत्या, कोणाच्या ताब्यात दिल्या, शेवटच्या कधी दिसल्या आणि आता मिळत नाहीत, एवढेच लिहायचे असते, आणि संशयिताचे नाव माहीत नसेल तर ते लिहू नये. विश्वासाने दिलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ४०६ लागू होईल. अपहार झाला की चोरी की नुसता हलगर्जीपणा, हे ठरवणे तपास यंत्रणेचे काम आहे. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही तर ती जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, आणि त्यानेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अब्रूचा प्रश्न मी गावाच्या बाजूनेही पाहिला आहे. वस्तू गेल्याचे गावाने बोलायचेच नाही असे ठरवले, तर त्या मौनाचा फायदा फक्त ती विकत घेणाऱ्याला होतो, कारण जिच्या हरवल्याची कुठेही नोंद नाही अशी तलवार बाजारात कोणीही ‘घराण्यातली’ म्हणून विकू शकतो. आणि ज्या मुलांनी काहीही केलेले नाही, त्यांच्यावरचा संशयही तपासाशिवाय कधीच फिटत नाही.

तक्रारीचे वजन वर्णनावर ठरते. ‘एक जुनी तलवार’ असे लिहिलेत तर पोलिसांना, सराफाला किंवा संग्रहालयाला काहीच कळणार नाही. फिरंगीचे पाते सरळ आणि बहुधा युरोपी बनावटीचे असते, मूठ मात्र देशी असते. पात्याच्या लांबीभर सरळ खाचा होत्या का, किती होत्या, मुठीजवळ पात्यावर परदेशी कारागिराचा छाप किंवा अक्षरे होती का, मुठीवर सोन्या-चांदीच्या तारेचे काम होते का आणि ते कुठे झिजले होते, परज सरळ होती की एका बाजूला वाकलेली, टोक मोडलेले होते का, म्यान लाकडाचे होते की कातड्याने मढवलेले, हे सारे घरातील थोरांना विचारून लिहून काढा. प्रदर्शनाच्या फोटोंत तलवार काचेमागे असेल आणि चकाकी आली असेल. त्यापेक्षा घरच्या जुन्या खंडेनवमीच्या फोटोंत ती अधिक जवळून दिसण्याचा संभव आहे. पाटावर हळदकुंकू वाहिलेली शस्त्रे, मागे घरची मंडळी, असे फोटो बहुतेक घरांत असतात. आल्बम आणि नातेवाइकांचे मोबाइल तपासा. रुमालाच्या बाबतीत कागदांची अंदाजे संख्या, कोणत्या कागदावर शिक्का होता, शेवटी मोर्तब होते का, कोणाचे नाव ठळक होते, आणि कापडाचा रंग कोणता, एवढे आठवले तरी पुरे. शिक्का आणि पहिली ओळ यांची झेरॉक्स कोणाकडे असेल तर तिच्यावरून मूळ कागद नि:संशय ओळखता येतो.

वर्णनाने आणि फोटोने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. ऑगस्ट १९६१ मध्ये बिहारमधील नालंदा येथील पुरातत्त्व संग्रहालयातून धातूच्या चौदा मूर्ती चोरीस गेल्या. त्यांपैकी बाराव्या शतकातील बुद्धाची एक मूर्ती २०१८ मध्ये परदेशातील एका विक्री-प्रदर्शनात दिसली, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असलेल्या जुन्या छायाचित्रांशी ती ताडून पाहता आली म्हणूनच त्या वर्षी १५ ऑगस्टला ती भारताच्या स्वाधीन झाली. मध्ये सत्तावन्न वर्षे गेली होती. याउलट रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ मध्ये जमिनीत सापडलेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन लुटला गेला. पोलिसांनी सोने परत मिळवले, आरोपींना शिक्षाही झाली, पण तोवर मुखवटा वितळवलेला होता. २०२१ मध्ये त्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून बसवावा लागला. तलवार कोणी वितळवत नाही, तिला आहे त्या रूपातच किंमत येते, म्हणून तुमच्या फिरंगीच्या बाबतीत आशा धरायला जागा आहे. मात्र मुठीवर सोन्याचे काम असेल तर मूठ आणि पाते वेगळे करून विकण्याचा प्रकार घडतो, यासाठी दोहोंचे वर्णन स्वतंत्रपणे द्या.

शेवटी तुमच्या पत्रात न विचारलेली, पण मनात असणारच अशी एक भीती. तलवारीची सरकारकडे नोंदणी नव्हती, तर आपणच अडचणीत येऊ का? पुराणवस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक मोलाचा कागद पुराणवस्तू ठरतो. पण सक्तीची नोंदणी मुख्यतः मूर्ती-शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांना आहे; शस्त्रे आणि साधे मोडी कागद त्या यादीत नाहीत. उलट पुराणवस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. तुमची फिरंग कोणा व्यापाऱ्याने घेतली असेल तर उत्तर त्याला द्यावे लागेल. तक्रारीची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला आणि कागदांपुरती पुराभिलेख संचालनालयाला अवश्य पाठवा.

प्रश्न : मी एका तरुण मंडळाचा सचिव आहे. मागच्या कार्यकारिणीकडून आमच्याकडे गावातील पाच घरांची शस्त्रे, शिवराई नाण्यांची एक पिशवी आणि मोडी कागद आले आहेत. कागदपत्र काहीच नाही. दसऱ्याला आम्ही शस्त्रे घासूनपुसून, पॉलिश पेपर मारून ठेवतो, आणि कागद फाटू नयेत म्हणून लॅमिनेट करून घेण्याचा विचार आहे. आमच्या हातून काही हरवू नये, यासाठी काय करावे?

उत्तर : लॅमिनेशनचा विचार आजच सोडून द्या, आणि हे पत्र वाचेपर्यंत ते झाले नसेल अशी मी मनापासून आशा करतो. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक जुन्या कागदावरून पुन्हा सुखरूप काढता येत नाही, आत कोंडलेला कागद पिवळा पडत आणि ठिसूळ होत जातो. चिकटपट्टीही लावू नका. कागद धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात सैल गुंडाळून, जमिनीपासून उंच आणि ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. कसर लागू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी उघडून पाहा, पण डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. घडी मोडताना कागद तुटत असेल तर तो उघडूच नका; पुराभिलेख खात्याच्या जाणकाराला विचारा.

पॉलिश पेपरचेही तसेच आहे. पात्यावरचा गंज निघतो, पण त्याबरोबर कारागिराचा छाप, कोरलेली अक्षरे आणि तारेचे नाजूक काम झिजून जाते, आणि चार-पाच दसऱ्यांनंतर हाती उरते ते एक चकचकीत, निनावी पाते. मला हाही वस्तू गमावण्याचाच एक प्रकार वाटतो, आणि तो अतिशय भक्तिभावाने घडत असल्यामुळे त्याविषयी कोणी बोलत नाही. शस्त्र मऊ कोरड्या कापडाने पुसा, पात्याला उघड्या हाताने स्पर्श करू नका, कारण घामाचे ठसे गंज धरतात. पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर ठेवा. म्यानातले लाकूड आणि कातडे ओल धरून ठेवते. पूजेला फूल आणि अक्षता पुरेत, हळदकुंकू आणि पाणी थेट पात्यावर न वाहता समोरच्या पाटावर वाहावे. शिवराई चिंचेने, लिंबाने किंवा तांब्याची भांडी घासायच्या पावडरीने मुळीच धुऊ नका. तांब्यावरची अक्षरे आधीच उथळ असतात आणि नाण्याची ओळख त्यांच्यावरच अवलंबून असते.

आता कागदोपत्री कामाकडे वळू. या महिन्यातच पाचही घरांच्या माणसांना बोलावून, त्यांच्यासमोर प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि बांधीव नोंदवहीत क्रमांक, वर्णन, लांबी, वजन, ठळक खूण, मूळ मालक आणि कधीपासून मंडळाकडे आहे, हे लिहा. चिठ्ठी वस्तूला चिकटवू नका, सुती दोऱ्याने बांधा. प्रत्येक घराला ताबा पावती द्या आणि तीत वस्तूची मालकी त्या घराचीच आहे, मंडळाकडे ती एक वर्षासाठी आहे आणि मुदत संपल्यावर लेखी नूतनीकरण होईल, असे स्पष्ट लिहा. यात अविश्वासाचा काही प्रश्न नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तीसुद्धा तीन वर्षांच्या लेखी कराराने. दोन सरकारी यंत्रणांना जे अपमानास्पद वाटले नाही ते आपल्या गावात का वाटावे?

कपाटाची किल्ली अध्यक्षाकडे असावी, हा रिवाज मात्र मोडा. अध्यक्ष बदलतो. दोन कुलपे लावा, एका कुलपाची किल्ली मंडळाच्या विश्वस्ताकडे आणि दुसरी वस्तू देणाऱ्या घरांपैकी एका माणसाकडे ठेवा, म्हणजे कपाट उघडताना दोघांनाही हजर राहावे लागेल. दर शिवजयंतीला नोंदवहीप्रमाणे वस्तू मोजून त्याच पानावर दोघांनी सह्या कराव्यात. मंडळ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेले असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-ब प्रमाणे स्वतःच्या स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवणे तुमच्यावर बंधनकारकच आहे. या घरांच्या वस्तू त्या मालमत्तेत मिसळू नयेत म्हणून त्यांची नोंदवही वेगळी ठेवा. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ताबा घेणाऱ्या आणि देणाऱ्या अशा दोन्ही कार्यकारिणींच्या सह्यांची वस्तूंची यादी त्याच वेळी तयार करण्याची शिस्त लावून घ्या.

कागदांच्या बाबतीत आणखी एक काम तातडीने करा. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून त्यांची एक प्रत मालकाच्या घरी, एक मंडळात आणि एक पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा संस्थेकडे, त्यांच्या संमतीने, द्या. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत आणि नकलून छापत. १८९८ पासून त्यांनी साधनांचे बावीस खंड छापले, म्हणून त्यांतील एखादा मूळ कागद पुढे नष्ट झाला असला तरी मजकूर आपल्या हाती राहिला. आज हेच काम मोबाइलवर एका दुपारी होते.

प्रश्न : मी निवृत्त स्काउट शिक्षक आहे. आमच्या तुकडीला एका जुन्या स्काउटरांनी आपली पदके, शिबिरांची छायाचित्रे आणि ध्वज दिले होते, ते शाळेच्या स्थलांतरात गेले. मोठ्या, शिस्तबद्ध संघटनांतही असे घडते का?

उत्तर : घडते. खुद्द स्काउट चळवळीतील उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. १८८८ मधील दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडच्या मोहिमेनंतर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्याजवळ झुलू राजा दिनुझुलू याची म्हणून ओळखली जाणारी लाकडी मण्यांची एक लांब माळ आली होती. १९१९ मध्ये इंग्लंडमधील गिलवेल पार्कला स्काउट मास्तरांचे पहिले प्रशिक्षण झाले, तेव्हा त्या माळेतले मणी सुटे करून प्रशिक्षणार्थींना वूड बॅज, म्हणजे प्रशिक्षणाचे मानचिन्ह, म्हणून देण्यात आले. पुढे मणी पुरेनात म्हणून नक्कल करून घेतले. देणाऱ्यांचा हेतू सन्मानाचा होता याबद्दल मला शंका नाही. पण एका राजघराण्याची ठेव त्यामुळे मण्यामण्याने जगभर पांगली, आणि ज्यांचा तिच्यावर पहिला हक्क होता त्या झुलूंना कोणी विचारले नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आणि अलीकडचे आहे. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२ हजारांहून अधिक दावे तिच्यावर होते, आणि सुमारे २.४६ अब्ज डॉलरच्या भरपाई योजनेत संघटनेच्या मालकीची चित्रेही द्यावी लागली. त्यांत नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने दशकानुदशके स्काउटांवर काढलेली मूळ चित्रे होती. नोव्हेंबर २०२४ पासून त्यांचा लिलाव सुरू झाला. अत्याचार सोसलेल्यांचा हक्क कोणत्याही चित्रापेक्षा मोठा आहे, आणि तो पैसा त्यांना मिळाला हे योग्यच झाले. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यात पाहण्याजोगे हे की संघटना अडचणीत आली म्हणजे तिच्या नावावर असलेली प्रत्येक वस्तू विक्रीला निघू शकते, आणि केवळ सांभाळायला ठेवलेली वस्तू कोणती हे कागदावर नसेल तर ती सोडवून घेणे फार कठीण जाते. तुकडी, शाळा आणि जिल्हा संस्था यांपैकी मालक कोण, हे ठरवलेले नसेल तर स्थलांतराच्या दिवशी प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाटते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. जुन्या इमारतीतील शारीरिक शिक्षण विभागाचे आणि प्रयोगशाळेचे सामान कोणत्या खोलीत गेले ते आधी पाहा. ध्वज आणि चौकटी पुष्कळदा क्रीडासाहित्यासोबत जातात. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद झाली होती का, हेही मुख्याध्यापकांकडून लेखी मागवा.

प्रश्न : आमचा दुर्गसंवर्धनाचा गट आहे. किल्ल्यावरच्या टाक्यातील गाळ काढताना आम्हाला लोखंडी तोफगोळे आणि काही तांब्याची नाणी मिळाली. गटप्रमुखांनी ती ‘सुरक्षित राहावीत’ म्हणून घरी नेली. ते आता नोकरीनिमित्त परगावी गेले आहेत. नाणी कमी भरत असल्याची कुजबुज आहे. आम्ही कोणाला कळवावे?

उत्तर : प्रथम जिल्हाधिकाऱ्यांना. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडली, तर ती सापडणाऱ्याने काय, कुठे आणि कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दहा रुपये ही रक्कम आजही कायद्यात तशीच आहे, म्हणजे तुमची नाणी तीतून सुटत नाहीत. किल्ला राज्य किंवा केंद्र संरक्षित असेल तर गाळ काढायलाही संबंधित पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते, आणि ती तुमच्याकडे असेल तर तिच्यात सापडलेल्या वस्तूंविषयी काय अट घातली आहे, ते वाचा. परवानगी घेतली नव्हती म्हणून गप्प बसू नका; स्वतःहून कळवणाऱ्या गटाकडे आणि घरातून वस्तू जप्त झालेल्या गटाकडे अधिकारी सारख्या नजरेने पाहत नाहीत.

गटप्रमुखांचा हेतू चांगला असेल, तरी किल्ल्यावर सापडलेली वस्तू कोणाच्याही घरी जाता कामा नये. टाक्याच्या कोणत्या थरात, कोणत्या बाजूला, कशासोबत ते नाणे मिळाले, यावरून टाके शेवटचे कधी वापरात होते हे अभ्यासकाला सांगता येते. पिशवीत पडलेले नाणे हे कधीच सांगणार नाही, आणि ही हानी नाण्यांची संख्या पूर्ण भरली तरी भरून निघत नाही. त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्या मोबाइलमधील फोटो तारखेसह एकत्र करावेत; ओंजळीत धरलेल्या नाण्यांचा एखादा फोटो नक्की निघेल आणि त्यावरून संख्या मोजता येईल. मग गटप्रमुखांना लेखी कळवा की अमुक तारखेला तहसीलदारांसमोर वस्तू आणून द्याव्यात. ते आले नाहीत तरी तुमचे पत्र थांबवू नका. पत्रात फोटोवरून मोजलेली संख्या आणि आता सांगितली जाणारी संख्या दोन्ही लिहा, कारण देऊ नका, कोणावर ठपका ठेवू नका. वस्तू जमा करताना पंचनामा करून घ्या, त्याची प्रत आणि जमा पावती गटाच्या नावे मागा, आणि पत्राच्या आपल्या प्रतीवर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका.